ओगाडाच्या नावावरची गाडी

नेरेआच्या अंगणात, आंब्याखाली, एक जुनी पांढरी प्यूजो उभी होती, आणि त्या गाडीपायी आमच्या सबंध किनाऱ्यानं नेरेआला नावं ठेवली. नवऱ्याचा पत्ता नाही आणि बाई दर शुक्रवारी गाडी धुते! आता धुते तर धुते. पाणी तळ्याचं, हात तिचे, तुमच्या बापाचं काय गेलं? पण लोकांना धीर निघत नाही. किनाऱ्यावर मासळी वाळत घालता घालता बायकांची तोंडं चालायची. "ती उयोमाची अजून वाट बघतेय गं," म्हणायच्या. उयोमा हे तिचं माहेर. आमच्यात सून म्हातारी झाली तरी माहेरच्याच नावानं ओळखली जाते.

गाडीत आता गाडीपण थोडंच उरलं होतं. चाकं जमिनीत रुतलेली, दारं गंजलेली, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. धाकटा दीर विक्लिफ येता-जाता टोमणा मारायचा, "वहिनी, सरकारदरबारी नोंद असलेलं खुराडं सबंध केनियात तुझं एकटीचंच."

"असू दे," नेरेआ म्हणायची. "तुझ्या डोक्याची तर कुठंच नोंद नाही."

गाडी झाब्लोन ओगाडाची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. बर्फात घातलेले मासे घेऊन तो रोज मिगोरीला जायचा आणि दिवस कलता कलता परतायचा. चर्चजवळच्या वळणावर आला की लांबलचक हॉर्न द्यायचा. हॉर्नही असा, की म्हातारा बैल हंबरतोय वाटावं. तो ऐकला की नेरेआनं चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवायचं. माशांचा वास घेऊन घरात पाऊल टाकायचं नाही, हा तिचा कायदा होता. ओगाडा ताडमाड उंच, पुढच्या दातांत फट, आणि त्या फटीतून सदा शीळ. "सरकारचे कायदे मोडीन एक वेळ, हिचा मोडायची छाती नाही," असं म्हणत तो अंगणातच सदरा काढायचा.

एकदा कारुंगूच्या रस्त्यावर अंधुक उजेडात त्याच्या गाडीखाली गाय आली. दुसरा असता तर गाडी दामटून पळाला असता, कारण गाय मारलेल्या ड्रायव्हरला आमचे लोक काय प्रसाद देतात ते ठाऊक आहे. ओगाडा उतरला आणि त्या गायीचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसला. मालक येईपर्यंत बसला. मालकानं आल्या आल्या त्याच्या थोबाडीत दिली, तीही खाल्ली. मागं गाडीत सगळे मासे नासले. "मरत होती गं बिचारी, एकटी कशी टाकायची?" घरी आल्यावर एवढंच बोलला. पुढच्या नंबरपाटीचा कोपरा त्या दिवशी वाकला, तो त्यानं पुन्हा कधी सरळ केला नाही.

मग एका सकाळी बेटावरून मासे यायला उशीर झाला. बर्फ वितळायला लागलं. ओगाडा वैतागला आणि स्वतःच दुसऱ्याच्या बोटीत बसून निघाला. गाडी किनाऱ्यावर, किल्ली गाडीतच. दुपारी समुद्राएवढं ते तळं उसळलं. बोटीतले बाकीचे सगळे मागंपुढं काठाला लागले, मेलेले. ओगाडा लागला नाही.

तळ्याकाठी राहायचं म्हणजे असं होतं. आणि झालं की काय करायचं तेही वाडवडलांनी ठरवून ठेवलंय. देह मिळाला नाही तर यागोचं फळ पुरायचं. हे फळ झाडाला दोरीनं टांगल्यासारखं लोंबतं, हातभर लांब, आणि उचललं तर तान्ह्या मुलाएवढं जड. त्यालाच गेलेला माणूस मानायचं, कापडात गुंडाळायचं, त्याच्यापुढं रडायचं आणि घराच्या उजव्या अंगाला माती द्यायची. मग त्याला घर मिळालं असं आम्ही धरतो. घरातली मोठी माणसं फळ घेऊन आली, तेव्हा नेरेआ मक्याची उगाली घोटायचा दांडका घेऊन दारात उभी राहिली.

"कुणाला पुरताय?" ती ओरडली. "फळाला? माझा नवरा झाडाला लागला होता काय? ज्याला पुरायचंय त्याला आधी आणून दाखवा!"

म्हातारे फळ घेऊन आल्या पावली परत गेले. तिची सासू दोर्का ओट्यावर बसून होती, ती एक अक्षर बोलली नाही. नेरेआनं चार माणसं लावून गाडी किनाऱ्यावरून ढकलत आणवली आणि आंब्याखाली उभी केली. आल्यावर त्याला गाडी लागेल, पायी का मासे विकणार आहे? तेव्हापासून ती ना धड सवाष्ण, ना धड विधवा. कुणी म्हणालं, सीमेपलीकडं मुसोमाच्या बाजारात त्याच्यासारखा माणूस पाहिला. ती मुसोमाला जाऊन आली, हात हलवत आली, आणि शुक्रवारी गाडी धुतली. तेव्हा पोटात असलेली लेक बेरिल एवढी मोठी झाली की घरात शिवणयंत्र घेऊन बसली आणि गावातल्या पोरांचे गणवेश शिवायला लागली, तरी आईची वाट बघणं सुरूच.

एक दिवस गाडीची पुढची पाटी नाहीशी झाली. भंगारवाले हिंडून गेले होते, त्यांचंच काम. बेरिल म्हणाली, "आई, पोलिसांत सांगून ये."

"काय सांगू? ते पहिलं विचारणार, मालक कुठंय." नेरेआनं विषय तिथंच मिटवला. ह्या एका प्रश्नाला ती जन्मभर वळसा घालत आली होती.

पण प्रश्न आपल्या पायांनी घरी आला. मोटरसायकलवरून एक हवालदार उतरला. दारात नेरेआ मका पाखडत होती.

"झाब्लोन ओगाडाचं घर हेच?"

"हेच."

"कुठंय तो?"

तिच्या हातातलं सूप निसटलं, मका अंगणभर झाली. इतक्या वर्षांत 'कुठंय तो' असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळे 'होता' म्हणायचे.

"तुम्ही पाहिलंत त्याला?" तिनं विचारलं.

"पाहिला असता तर इथं कशाला धूळ खात आलो असतो? काल मिगोरीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीनं शाळेतून येणाऱ्या पोरीला उडवलं. पाय मोडलाय पोरीचा. गाडीत चोरटी साखर. पुढं जाऊन गाडी टाकली आणि पळाला. नंबर त्याच्या नावावर आहे."

"आमची गाडी तर ही उभी आहे," बेरिल म्हणाली.

हवालदारानं प्यूजोभोवती चक्कर मारली. मागची पाटी जागेवर, पुढची जागा रिकामी. आतून एक कोंबडी त्याच्यावर खेकसली. "पाटी चोरीला गेली आणि तक्रार नाही? छान! मालकाला घेऊन उद्या ठाण्यावर या."

नेरेआचं त्याच्या बोलण्याकडं लक्षच नव्हतं. "पळाला तो दिसायला कसा होता? उंच होता का? शीळ घालत होता का?"

"बाई, पळताना कोण शीळ घालतं?" हवालदार मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

झालं! संध्याकाळपर्यंत किनारा नुसता गजबजून गेला. ओगाडा जिवंत आहे! पलीकडं दुसरी बायको केली, साखर पळवतो, पोरीला चिरडून पळाला. विक्लिफ धापा टाकत आला. "वहिनी, दादा जिवंत निघाला गं! पण चोर निघाला."

आणि खरं सांगायचं तर नेरेआला आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद. चोर तर चोर, दुसरी बायको तर दुसरी बायको, दोघांना दारात उभं करून शिव्या घालीन, पण श्वास घेतोय ना! तिनं पेटीतून त्याचा निळा सदरा काढला, धुतला, दोरीवर टाकला. कामं करता करता गुणगुणत होती. बेरिलनं आईला गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं, ती शिवण थांबवून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सदरा घडी करून पिशवीत घातला आणि मायलेकी मिगोरीला गेल्या. ठाण्याच्या आवारात एक करडी टोयोटा उभी होती, तिच्या चाकांशी साखर सांडून मुंग्या लागल्या होत्या. नेरेआ आधी ड्रायव्हरच्या दाराशी गेली. सीट पार पुढं ओढलेली. एवढ्याशा जागेत ओगाडाचे गुडघे कानाला लागले असते.

"सीट काय, सरकवता येते," ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती पुढं आली. पाटी तीच होती, वाकलेल्या कोपऱ्याची. तिनं त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

"त्या पोरीपाशी थांबला नाही तो?" तिनं हवालदाराला विचारलं.

"थांबतोय कसला! रस्त्यात तशीच टाकून गेला. मागून येणाऱ्यांनी उचलली."

"पोर रडत असेल."

"मग? पाय मोडल्यावर हसेल का?"

"मग तो माझा नवरा नव्हे," नेरेआ म्हणाली.

"कशावरून?"

"तो गायीपाशी बसला होता."

हवालदाराला काही कळलं नाही. बेरिलला कळलं. ती गोष्ट ऐकतच ती वाढली होती. तिनं आईचा दंड धरला. नेरेआ त्या आवारातच, मुंग्यांपाशी, खाली बसली.

"इथं तो नाही गं बेरिल," ती म्हणाली. "तो जिवंत असता तर कुठं असता? आपल्याकडं आला असता ना? गायीला टाकलं नाही त्यानं, मला टाकलं असतं का? तुला टाकलं असतं? तो कुठंच नाही गं."

बेरिलही शेजारी बसली आणि दोघी रडल्या.

हवालदार मनानं वाईट नव्हता. त्यानं पाणी आणून दिलं. "आई," आता तो बाईवरून आईवर आला होता, "तो नंबर रद्द करून घ्या. गाडी मोडीत घाला, पण आधी नोंद काढा. नाहीतर तुमच्या माणसाचं नाव असंच भामट्यांच्या गाडीला लागून फिरत राहील. आज साखर आहे, उद्या बंदूक असेल."

ते तिच्या मनाला लागलं. गावात कुणी त्याला मेला म्हणालं असतं तर ती दांडका घेऊन धावली असती. आता तिन्ही त्रिकाळ लोक त्याला पोर टाकून पळालेला म्हणत होते आणि दांडका कुणावर उगारणार? नाव धुवायचं तर नोंद काढायलाच हवी होती.

वाहनांच्या कचेरीत क्विंटर नावाची कारकून बाई होती. आमच्यातलीच, चष्म्यावरून बघणारी.

"मालकीचं लॉगबुक आहे, मागची पाटी द्याल, पुढची पोलिसांत जमा आहे, चालेल," ती म्हणाली. "खालच्या सांगाड्यावर, चासीवर, नंबर कोरलेला असतो, तेवढा तुकडा कापून आणा. आणि मालकाला आणा सहीला."

"मालक पाण्यावर गेलाय."

"परत कधी येणार?"

नेरेआ लॉगबुकाची पानं सारखी करत राहिली. क्विंटरनं चष्मा काढला. "गेलेले असतील तर तसा कागद लागेल, आई."

"मला गाडी रद्द करायचीय. माणूस नव्हे."

"गाडी त्यांच्या नावावर आहे. आहेत म्हणालात तर सही त्यांची. नाहीत म्हणालात तर नाहीत, हे कुणीतरी लिहून द्यायला हवं. मधलं काही माझ्याकडं नाही."

मधलं काही कुणाकडंच नव्हतं. गावचा चीफ, म्हणजे सरकारनं नेमलेला मुखिया, म्हणाला, मी लिहीन, कोर्ट शिक्का मारील. पण ज्या घरानं आपल्या माणसाला मातीच दिली नाही, तो माणूस गेला असं मी कुठल्या तोंडानं लिहू? आधी घरात ठरवा.

घरात ठरवायचं म्हणजे सासूला विचारायचं. दोर्काला आता नीट दिसत नव्हतं, पण वालाच्या शेंगा हातानं बरोबर सोलायची. नेरेआ तिच्यासमोर बसली, मूठभर शेंगा आपल्याकडं ओढल्या.

"आत्याबाई, मी चुकले का?"

"चुकलीस," दोर्का म्हणाली. हात थांबले नाहीत. "दांडका घेऊन उभी राहिलीस तेव्हा मला उठून तुझा हात धरता आला असता. नाही धरला. मला वाटलं, हिच्या हट्टानं का होईना, येईल माझा पोरगा. दोघी मिळून चुकलो गं. पाऊस लागला की मला वाटतं तो दाराबाहेर उभा आहे, ओला, गारठलेला, आणि आत ये म्हणणारं कुणी नाही. उयोमाचे, लेकराला आत घेऊ दे आता."

इतक्या वर्षांत म्हातारी पहिल्यांदा हे बोलली. नेरेआनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं. शेंगा सगळ्या सांडल्या.

यागोचं फळ विक्लिफनं आणलं. झाडावर चढून, खाली पडू न देता, छातीशी धरून आणलं. नेरेआनं त्याला तोच धुतलेला निळा सदरा घातला. ओगाडा उंचापुरा आणि फळ ते केवढं, सदरा दोनदा गुंडाळावा लागला. गुंड्या तिनं स्वतः लावल्या, गळ्यापर्यंत. मग एवढ्या वर्षांचं रडणं बाहेर आलं, ते तळ्यावरच्या बोटींपर्यंत ऐकू गेलं. किनाऱ्यावरच्या त्याच बायका आल्या आणि तिच्या बरोबरीनं ऊर बडवून रडल्या. आणि जन्मभर टोमणे मारणारा विक्लिफ! त्यानं तर मातीत लोळण घेतली. "दादा, तुला चोर म्हणालो रे," म्हणत राहिला. घराच्या उजव्या अंगाला मातीचा उंचवटा झाला. दोर्कानं त्यावर हात फिरवून पाहिला. "आला," ती म्हणाली.

भंगारवाला यंत्र घेऊन आला आणि चासीवरचा नंबराचा तुकडा कापला. ठिणग्या उडाल्या, कोंबड्या पळाल्या. तुकडा हातात घेतला तेव्हा गरम होता. नेरेआनं तो पदरात गुंडाळला.

चीफनं लिहिलं. कोर्टानं वेळ लावला, पण शिक्का मारला. मग नेरेआ पुन्हा कचेरीत गेली. भर उन्हाची वेळ, लोकांच्या अंगाला घामाच्या धारा, आणि तिच्या अंगात पुरुषाचा जाड कोट, बाह्या बोटांखाली लोंबणाऱ्या. रांगेतली परकी पोरं हसली. क्विंटरनं मान वर केली आणि कोट पाहिला. आमच्यात नवरा गेल्यावरच बायको त्याचा कोट घालून हिंडते, ते तिला सांगावं लागलं नाही. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. मालक कुठंय म्हणून तिनं ह्या खेपेला विचारलं नाही.

"बसा आई," ती म्हणाली. पाटी घेतली, तुकडा घेतला, कागद तपासले. "हा नंबर आता कुणाचाच नाही. त्यांच्या नावावर कुठलीच गाडी नाही. कुणी काही बोललं तर हा कागद दाखवा."

"त्या पोरीच्या घरी दाखवेन," नेरेआ म्हणाली. आणि खरंच, परतताना बेरिलला घेऊन ती त्या पोरीच्या घरी गेली, कागद दाखवला, तिच्या प्लास्टरवर हात ठेवला, जवळची अंडी दिली. "माझ्या माणसानं नाही केलं हे," एवढंच म्हणाली. पोरीच्या आईनं तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

मग गाडी न्यायचा दिवस आला. मोठा ट्रक आला, साखळ्या आल्या. मातीत रुतलेली चाकं निघता निघेनात. निघाली तेव्हा आंब्याखाली चार खड्डे राहिले. नेरेआ म्हणाली होती, मी बघणार नाही. ती स्वयंपाकघरात दोर्काजवळ बसली. ट्रक अंगणातून बाहेर पडला, पार चर्चच्या वळणापर्यंत गेला, आणि तिथं साखळी ढिली झाली म्हणून थांबला.

तेवढ्या वेळात भंगारवाल्याला काय सुचलं कोण जाणे. सुटे भाग विकायचे तर कुठला चालतो ते बघावं म्हणून त्यानं ट्रकच्या बॅटरीची वायर प्यूजोला जोडून पाहिली. दिवे लागले नाहीत. हॉर्न वाजला. म्हातारा बैल हंबरावा तसा, लांबलचक, वळणावरून.

नेरेआ उठली. कोटाच्या बाह्या मागं सारल्या, मोठं पातेलं घेतलं, मडक्यातलं पाणी त्यात ओतलं, चुलीवर चढवलं आणि खाली लाकूड सारलं. फुंकर घातली. जाळ धरला, तेव्हा कुठं ती थांबली आणि आपल्याच हातांकडं बघत राहिली.

बेरिल दारात आली. "आई, पाणी कुणाला ठेवलंस?"

नेरेआनं कोटाच्या बाह्या पुन्हा खाली ओढल्या.

"ठेवलंय तर राहू दे," दोर्का म्हणाली. तिनंही हॉर्न ऐकला होता. तिनं चाचपडत सुनेचा कोट धरला आणि तिला शेजारी ओढून बसवलं.

बाहेर ट्रक सुरू झाला आणि मिगोरीच्या रस्त्याला लागला. त्या दोघी चुलीपाशी बसून राहिल्या. पाणी उकळलं, तरी कुणी उतरवलं नाही.